सदूदादूसच्या जीपची टाकी

जासईतल्या सदू घरतला अख्खं गाव दादूस बोलतं. वयानं मोठे असलेलेपण दादूसच बोलतात, कारण दुसरं काही बोललेलं सदूला चालत नाही. बाप गेला तेव्हा तो सातवीत होता. वह्या पिशवीत घातल्या, पिशवी खुंटीला लावली आणि दुसऱ्या दिवशी मिठागरावर कामाला उभा राहिला. धाकटा भाऊ अंकुश आणि बहीण वैजयंती, दोघांना त्यानं वाढवलं, शिकवलं, त्यांची लग्नं लावली. अंकुशला कंटेनर यार्डात चिकटवला तोपण त्यानंच. यातली एकपण गोष्ट खोटी नाही. फक्त सदूनं ती इतक्या वेळा सांगितलीय की नाक्यावरचा चहावाला मधेच पुढचं वाक्य बोलून टाकतो.

तर अशा माणसाची जीप, भाचीच्या हळदीच्या दिवशी सकाळी, आपल्याच अंगणात चालू होईना.

सेल्फ मारला की इंजिन गरगर फिरायचं, पण पेटायचं नाही. तेवढ्यात सल्ले द्यायला माणसं जमली. आपल्याकडे गाडी बंद पडली की ज्याला सायकलची चेन चढवता येत नाही तोपण बॉनेटमध्ये डोकं घालतो. एक बोलला बॅटरी. एक बोलला प्लग. शेजारचा हौसेराव, ज्याची स्वतःची स्कूटर पावसाळा संपेपर्यंत ताडपत्रीतून बाहेर येत नाही, तो बोलला की गाडीला नजर लागली. सदू त्याला बोलला, "तुझीच असंल. सकालपासून हितंच उभा हायेस." हौसेराव दोन पावलं मागं सरकला, पण गेला नाही.

ही जीप काय साधीसुधी नाही. लष्कराच्या लिलावातली, पेट्रोलवर चालणारी, चारही चाकं ओढणारी. सदू पुण्याकडून ती घाट उतरवून स्वतः घेऊन आला. ब्रेक नव्हते असं तो सांगतो. दरवेळी घाट थोडा लांब होतो, तो भाग सोडून द्या. पण गाडी घेण्यामागचं कारण मात्र त्यानं कधी वाढवून सांगितलं नाही. खरं तर ते कारण तो सांगतच नाही.

वैजयंतीचं लग्न झालं तेव्हा नवरीला मांडवात आणायला तिचा मामा येणार होता. तो आलाच नाही. कुठल्यातरी जुन्या भांडणाचं खुसपट काढून घरी बसला. मुहूर्त जवळ आला, दारात गाडी नाही. शेवटी सदूनं मिठाच्या गोण्या वाहणारा टेम्पो आणला, मागं चादर अंथरली आणि बहिणीला घेऊन मांडवाकडं निघाला. शालू मिठानं पांढरा झाला होता. नवऱ्याकडच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. सदूनं ते बघितलं. वैजूची पाठवणी होताना तो तिच्या कानाशी एवढंच बोलला होता की तुझ्या पोरीला मी माझ्या सोताच्या गाडीतनं आणीन. ती गाडी म्हणजे ही जीप. आणि ती पोरगी म्हणजे प्राची. तिची आज चिर्ल्याला हळद, आणि उद्या उलव्याच्या हॉलवर लग्न.

म्हणून सदूनं सल्ले देणाऱ्यांना हाकललं आणि स्वतः कान लावला. चावी फिरवली की मागच्या टाकीतून 'घूं' असा बारीक आवाज यायचा. टाकीतला पंप पेट्रोल पुढं ढकलायला लागल्याचा तो आवाज. आज तो आवाज नव्हता. सदूनं घरात जाऊन बायकोचं कपडे धुवायचं धोपाटणं उचललं, जीपखाली आडवा झाला आणि टाकीच्या बुडाला चार ठोके दिले. सुंदराबाई दारातून बघत राहिली. सदूनं चावी फिरवली. घूं. सेल्फ मारला आणि जीप पेटली.

मग काय विचारता. सदूनं खिडकी नसलेल्या दारातून कोपर बाहेर काढलं आणि हौसेरावाच्या अंगावरून धूर सोडत जीप बाहेर काढली. जाता जाता त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की गॅरेजवाले याच कामाला दिवसभर घेतात आणि वर गाडीचे स्क्रू चोरतात.

नाक्यावर चिर्ल्यापुरतं पेट्रोल टाकून तो निघाला. बंदराच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंनी ट्रेलर लागलेले असताना, बरोबर मधोमध, जीपनं दोन आचके दिले आणि मान टाकली.

धोपाटणं घरी राहिलं होतं. सदूनं रस्त्यावरचा दगड घेऊन ठोकलं. या वेळी काही झालं नाही. मागं हॉर्न वाजायला लागले. ट्रेलरवाले म्हणजे एरवी तासन्‌तास गेटवर डुलक्या काढणारी जात. पण समोर दुसऱ्याची गाडी अडली की यांना लगेच दिल्ली गाठायची असते. शेवटी एक टेम्पो थांबला. त्यात हळदीच्या मांडवाच्या खुर्च्या होत्या आणि तो चिर्ल्यालाच चालला होता. ड्रायव्हरनं दोर बांधला, जीप उलटी ओढून जासईत आणून सोडली आणि गेला चिर्ल्याला. खुर्च्यांबरोबर बातमीपण पोचली.

सदू हातपाय धूत होता तेव्हा वैजयंतीचा फोन आला. नवरीच्या घरातली गडबड ऐकू येत होती. ती आधी इकडचं तिकडचं बोलली, सुंदरावहिनी कधी येणार, हळद दळून झाली का. मग हळूच बोलली.

"दादा, राग नको धरूस. प्राचीच्या सासऱ्यांकडं एक गाडी मोकली हाय. पांढरी, मोठी. मी सांगून ठेवलंय. तू फक्त येलेवर ये."

सदूनं फोन कापला नाही. नुसता खाली ठेवला. त्यातून वैजूचा आवाज बराच वेळ येत राहिला.

अंकुश तेवढ्यात यार्डातून रजा टाकून आला. दोघा भावांची घरं एकाच अंगणात, पण जीपच्या बाबतीत अंकुशचा हात बॉनेटला लागत नाही. त्याचं कारण असं की काही वर्षांपूर्वी अंकुशनं दादूसला न विचारता जीप काढली, दोस्तांना भरलं आणि उरणच्या किनाऱ्यावर नेऊन वाळूत रुतवली. भरती आली, जीप अर्धी पाण्यात. होड्यांना दोर बांधून काढली. सदूनं त्यानंतर दोन गोष्टी केल्या. जीप नारळाच्या झाडाखाली उभी करून गोड्या पाण्यानं धुतली. आणि रबरी नळी आणली.

ही नळी म्हणजे सदूच्या अकलेचा कळस. नुसती चावी लपवून उपयोग नव्हता, अंकुश वायर जोडून गाडी चालू करायचा. म्हणून सदू काय करायचा, जीप परत आणली की टाकीच्या तोंडात नळी घालायची, पेट्रोल ओढून निळ्या कॅनमध्ये काढायचं आणि कॅन पडवीच्या खोलीत कुलपात. टाकीत एवढंच ठेवायचं की नाक्यावरच्या पेट्रोल पंपापर्यंत जीप जेमतेम पोचेल. चोराला चावी नाय लागत, पेट्रोल लागतं, असं तो सगळ्यांना सांगायचा. ऐकून माणसं मान डोलवायची. अंकुश सोडून.

आता अंकुश जीपजवळ आला आणि लांबूनच विचारलं की पंप गेला का. सदू बोलला पंप नाय गेला, पंप रुसलाय. अंकुशनं त्यावर वाद घातला नाही. नवा पंप आणू बोलला.

सदू स्वतः पनवेलला जाऊन आला. दुकानदारानं काउंटरमागून मान वर न करता सांगितलं की या गाडीचा माल कधीच बंद झाला. मग एका छोट्या कारचा पंप पुढं सरकवला, थोडा घासला की बसेल बोलला. सदूनं पंप हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि सांगितलं की हा पंप तुझ्या घरच्या फिशटँकला लाव. तिथून निघाला खरा, पण पंप नाही तो नाहीच. येताना सगळा रस्ता त्यानं दुकानदाराच्या खानदानाचा उद्धार केला, तरी जीप काही त्यानं चालू होणार नव्हती.

इकडं अंकुशनं त्याच्या पाठी फोन लावला होता. खारघरला शौनक म्हणून एक जण राहतो, त्याच्याकडं हीच जीप, याच लिलावातली. रविवारी असल्या गाड्यांवाले सगळे जमतात आणि डोंगराकडं जातात, त्यातला तो. सदूनं त्यांना एकदा बघितलं होतं. गुडघाभर चिखलात जायचं म्हणून सकाळी जीप शाम्पूनं धुणारे लोक. अंगावर जंगलात हरवल्यावर लागतील असले कपडे, आणि दुपारी जेवायला परत घरी. शौनकच्या जीपवर एवढे स्टिकर होते की खालचा रंग कुठला ते कळत नव्हतं.

तो शौनक दुपारी आला. बूट स्वच्छ, हातात डबा, डब्यात कापडात गुंडाळलेला पंप. याच गाडीचा, अगदी नवा. या गाडीचे पार्ट मिळत नाहीत म्हणून तो दिसले की घेऊन ठेवतो, असं अंकुशनं सांगितलं. सदूनं पंप बघितला. बरोबर होता. ते त्याला जास्त लागलं.

"काका, टाकी उतरवावी लागेल," शौनक बोलला.

"मग काय वरून डोकावून बघायचा हाय?" सदू बोलला.

बॅटरीची तार सोडली. अंगणात चूल पेटलेली होती ती सुंदराबाईला विझवायला लावली. हौसेराव विडी घेऊन आला त्याला सदूनं कुंपणाबाहेर उभा केला. टाकीत पेट्रोल असं नव्हतंच, त्यामुळं काढायला वेळ लागला नाही. सदू त्या वेळीपण ऐटीत बोलला की बघा, माझ्या पद्धतीचा फायदा. खाली जुना टायर ठेवला, त्यावर फळी. पट्ट्यांचे नट गंजून एकजीव झाले होते. सदूनं तेल सोडलं, पाना लावला, पायानं जोर दिला. असल्या कामात तो खरंच भारी. शौनकनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं, कारण तो सांगायच्या आधी सदूचा हात तिथं पोचलेला असायचा. शेवटचा नट सुटला आणि टाकी खाली आडव्या झालेल्या अंकुशच्या हातावरून अलगद फळीवर येऊन बसली. तिघांनी ती बाहेर ओढली, वरचं झाकण खोललं आणि पंप उचलून काढला.

पंप काळा पडला होता. बाजूची प्लास्टिकची कड उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखी वाकलेली. खालच्या जाळीत गंजाचा गाळ.

शौनकनं तो हातात फिरवून बघितला. मग विचारलं, "काका, तुम्ही टाकीत पेट्रोल किती ठेवता?"

सदूला हा प्रश्न फार आवडला. त्यानं नळीची सगळी पद्धत सांगितली. कॅन दाखवला, कुलूप दाखवलं, नळी कुठं टांगलेली असते तेपण दाखवलं. अंकुशकडं न बघता हेपण सांगितलं की ज्यांच्या घरात अर्धवट माणसं असतात त्यांना असलं डोकं लावावं लागतं.

शौनक ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. हसला असता तर बरं झालं असतं, सदूनं त्याला तिथंच धरला असता.

"पंप पेट्रोलात बुडालेला राहायला लागतो," तो बोलला. "पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. तुमची टाकी कायम तळाला, म्हणून तो गरम होऊन होऊन जळाला."

कुंपणाबाहेरून हौसेरावाची विडी ओढल्याचा आवाज आला. सुंदराबाईनं हातातलं तांदळाचं सूप खाली ठेवलं. तिनं ती नळी अनेक संध्याकाळी बघितलेली होती. पेट्रोल तोंडात गेलं की सदू थुंकत आत यायचा आणि चहाला वास येतो म्हणून तिलाच बोलायचा.

सदूनं जळका पंप शौनकच्या हातातून घेतला. उलटा केला, सुलटा केला. इतकी वर्षं तो ही गाडी चोरापासून राखत होता, भावापासून राखत होता, आणि रोज संध्याकाळी नळी लावून तिचा जीव तोच काढत होता. हे त्याला कळलं. कळलं ते चेहऱ्यावर दिसू दिलं तर तो सदू घरत कसला.

"कंपनीनं टाकीवर लिवून ठेवाला पायजे होतं," तो बोलला. "आमाला काय सपान पडतंय?"

आता अंकुशची वेळ होती. किनाऱ्यावरच्या त्या एका दिवसासाठी त्यानं किती वर्षं ऐकून घेतलं होतं. अर्धवट, उडाणटप्पू, गाडी बुडव्या. पोरांसमोर, बायकोसमोर, सासरच्या माणसांसमोर. एक वाक्य बोलला असता तर सगळं फिटलं असतं. सदू वाट बघत होता. खांदे ताठ करून उभा होता, जसा मार खायच्या आधी माणूस उभा राहतो.

अंकुशनं हात पुढं केला.

"दादूस, बारका पाना दे. येल होतोय."

सदूनं पाना दिला.

मग काम झपाझप झालं. टाकी धुतली, गाळ काढला, नवी जाळी, नवा पंप, नवं पॅकिंग. टाकीतून इंजिनाकडं जाणारी जुनी नळी कडक झाली होती, ती शौनकनं त्याच्या डब्यातली दिली. सदूनं ती ओढून बघितली, वाकवून बघितली, आणि काही दोष सापडेना म्हणून लावली. टाकी परत चढवताना तिघांच्या कपाळावर तिघांचा घाम पडला. कॅनमधलं पेट्रोल ओतायला सदू निघाला तेव्हा त्यानं ते नेहमीसारखं मोजून नाही ओतलं. उपडा केला कॅन. तरी टाकीला ते पुरेना. अंकुश मोटरसायकलवर जाऊन आणखी घेऊन आला, परत गेला, परत आणलं. शेवटी टाकीच्या तोंडाशी पेट्रोल चमकायला लागलं. ती रबरी नळी आणल्यापासून सदूनं ते पहिल्यांदा बघितलं.

चावी फिरवली. घूं. धोपाटणं नाही, दगड नाही. सेल्फ मारला आणि जीप पेटली, आणि पेटलेली राहिली.

शौनकला सुंदराबाईनं जेवून जायला लावलं. सदूनं त्याला हळदीचं आणि लग्नाचं दोन्हीचं आवतण दिलं. फक्त जाताना सांगितलं की येताना स्टिकर काढून या, लोकांना वाटेल जाहिरातवाला आला. शौनक हसला. बूट एव्हाना गंजानं आणि गाळानं भरले होते. सदूला ते बघून बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी चिर्ल्याला वैजयंतीच्या दारात ती पांढरी गाडी उभी होती. पुढच्या काचेवर फुलांचं एवढं मोठं जाळं की ड्रायव्हरला रस्ता दिसावा म्हणून मधे एक भोक पाडलेलं. आतून थंडगार. ड्रायव्हर पगडी घालून. सदूनं जीप तिच्या पुढ्यात आणून लावली. जीपला सुंदराबाईनं झेंडूच्या दोन माळा घातल्या होत्या आणि मागच्या सीटवर नवीन पांढरं कापड पसरलं होतं. व्याही पुढं आले आणि बोलले की नवरीला उकडेल, एसीत बसू द्या. सदू त्यांना हात जोडून बोलला की गाडी तुमची चांगली हाय, फुलं घेऊन जाईल व्यवस्थित.

वैजयंती दारात उभी होती. तिला जीप दिसली. आत गेली आणि प्राचीला हाताला धरून घेऊन आली. शालू सावरत प्राची मागं चढली, तिच्या शेजारी वैजू. बसताना वैजूनं सीटवरचं कापड हातानं पुसून बघितलं. मग स्वतःचा तळहात बघितला. स्वच्छ होता. पुढं सदूच्या शेजारी अंकुश बसला. हे कोणी ठरवलं नव्हतं, तो येऊन बसला आणि सदूनं उतर म्हणून सांगितलं नाही.

उलव्यापर्यंत जीप कुठं अडखळली नाही. पूल आला, ट्रेलर आले, सिग्नल आले. मागं पांढरी गाडी नुसती फुलं घेऊन येत होती. हॉलच्या पायरीशी सदूनं भाचीला उतरवलं, हाताला धरलं आणि अंतरपाटापर्यंत घेऊन गेला. ही एवढी एकच गोष्ट असेल की जी केल्याचं सदूनं नंतर कोणाला सांगितलं नाही.

बाकी सगळं सांगितलं. जेवणाच्या पंगतीतच सुरू झालं. शेजारी बसलेल्या एका पाहुण्याला त्यानं विचारलं की तुमी गाडीच्या टाकीत पेट्रोल किती ठेवता. पाहुणा बोलला थोडंथोडंच टाकतो. सदूनं कपाळाला हात लावला. मग त्याला पंप कसा बुडालेला लागतो, पेट्रोल त्याला कसं थंड ठेवतं, आणि ज्यांना एवढंपण कळत नाही त्यांनी गाड्या कशाला घ्याव्या, ते सगळं सविस्तर सांगितलं. समोरच्या रांगेत शौनक बसला होता. त्यानं मान खाली घालून वरणभात कालवला. अंकुशनं तेवढं एकदा दादूसकडं बघितलं.

आता सदूची जीप कायम भरलेल्या टाकीनं उभी असते. कॅनमध्ये सुंदराबाई रॉकेल ठेवते. नळीनं ती अळूला पाणी घालते. आणि भरलेल्या टाकीची गाडी कोणीपण काढून नेऊ शकतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे, सदूला सगळ्यात जास्त.

लग्नानंतर एका रविवारी तो सकाळी उठून बाहेर आला तर अंगण रिकामं. अंकुशच्या दाराला कडी. हौसेराव कुंपणावर हात ठेवून उभाच होता, त्याला उरणच्या दिशेनं बोट दाखवायची फार घाई झाली होती. सदू त्याला बोलला की तुझं तुझ्या स्कूटरकडं बघ, आणि पडवीत जाऊन बसला.

दुपारी जीप आली. चाकांना वाळू, अंकुशची पोरं मागं भिजलेली, अंकुश उतरून शिव्या खायला तयार उभा. सदू जीपभोवती फिरला. चाकं बघितली नाहीत, बंपर बघितला नाही. दारातून आत डोकावून चावी फिरवली आणि पेट्रोलचा काटा बघितला.

काटा पार वर होता. अंकुश येताना भरून आला होता.

"धू गोड्या पान्यानं," सदू बोलला आणि जेवायला आत गेला.